जुन्या कंबरदुखीवर टेन्स मशीन: माझा अनुभव

मी शिवणकाम करते, त्यामुळे तासन्‌तास बैठक. कंबरेचा ठणका जुना आहे; तपासण्या झाल्या, ऑपरेशनची गरज नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, पण दुखणं काही गेलं नाही. फिजिओथेरपिस्टने टेन्स, म्हणजे त्वचेवर पॅड चिकटवून विजेचा सौम्य करंट देण्याचा उपचार, लावून बघितलं, आराम पडला, म्हणून घरी वापरायला मशीन घेतलं.

मशीन मुठीत मावतं. दोन चॅनेल, म्हणजे करंटचे दोन वेगळे मार्ग, आणि चार जेलचे पॅड. पॅड मणक्यावर नाही, मणक्याच्या दोन्ही अंगांना, दुखऱ्या जागेच्या वर-खाली लावायचे. करंट शून्यापासून हळूहळू चढवायचा. आधी नुसत्या मुंग्या येतात, मग ठसठशीत झिणझिण्या. झोंबायला लागलं की एक पायरी खाली. थोड्या वेळाने शरीराला सवय होते आणि काही जाणवेनासं होतं, तेव्हा पुन्हा किंचित वाढवायचा. अगदी मंद ठेवून ‘काही फरक नाही’ म्हणण्यात अर्थ नाही, झिणझिण्या स्पष्ट लागायला हव्यात. मला ८० ते १०० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला तितके करंटचे ठोके देणारा मोड मानवतो. २ ते ४ हर्ट्झवर स्नायू ठोके दिल्यासारखे उडतात, तेव्हा हातात सुई धरवत नाही.

यामागचा विचार मेलझॅक आणि वॉल या वेदनेवर संशोधन करणाऱ्या दोघांनी १९६५ साली मांडला. स्पर्शाची जाणीव नेणारे जाड मज्जातंतू चेतवले की मज्जारज्जूतच वेदनेच्या संदेशाला अडसर बसतो. लागलेली जागा आपण चोळतो, तसंच.

पण हे कंबरदुखीवरचं औषध आहे असं मी कुणालाच सांगणार नाही. डॉक्टरांसाठी उपचारांच्या मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी टेन्स देऊ नका असं स्पष्ट लिहिलं, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या जुन्या कंबरदुखीवरच्या मार्गदर्शनातही त्याची शिफारस नाही. माझा अनुभवही त्याच्या फार विरोधात जात नाही. मशीन बंद केलं की आराम लवकरच ओसरतो. तरी मी ते ठेवलंय, कारण ठणका बोथट असतो तेवढ्या वेळात मी चालून येते, पाठीवर झोपून कंबर उचलण्याचा व्यायाम करते. एरवी कळ येईल या धास्तीने मी हललेच नसते. माझ्या कंबरेला खरं बळ त्या व्यायामानेच आलंय.

तक्रारी आहेतच. वाकलं की वायरची पिन पॅडमधून निसटते. करंटच्या बटणाला लॉक नाही. कपड्याचा धक्का लागून एकदम जोराचा झटका बसतो, आणि दुखऱ्या कंबरेला तो सोसत नाही. ही चूक बनवणाऱ्यांनी सुधारायलाच हवी. पॅडचा चिकटपणाही टिकत नाही. तेल किंवा क्रीम लावलेल्या अंगावर तर ते धरतच नाहीत. त्वचा धुऊन कोरडी करा आणि काम झालं की पॅड त्यांच्या प्लास्टिकवर परत चिकटवा.

पेसमेकर असेल तर हे वापरू नका. गरोदरपणात किंवा फिट्स येत असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. गळ्यावर पुढून, जखमेवर, झोपेत किंवा गाडी चालवताना मुळीच नको. पायांतली ताकद जात असेल, मांड्यांच्या मध्ये बधिरपणा आला असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटला असेल, तर मशीन बाजूला ठेवून तडक हॉस्पिटल गाठा.

घ्यायचंच असेल तर आधी फिजिओथेरपिस्टकडे लावून बघा. बटणाला लॉक आहे का आणि पॅड सुटे मिळतात का, हे विचारूनच घ्या.