पहिली जुनी इंग्लिश चिनी माती घेताना: स्पोड, डर्बी की वेजवूड?

जुन्या इंग्लिश चिनी मातीची पहिली वस्तू घ्यायची म्हटले की तीन नावे हमखास समोर येतात: स्पोडचे ‘ब्लू इटालियन’, रॉयल क्राउन डर्बीचे ‘इमारी’ आणि वेजवूडचे जॅस्पर. कोणते घ्यावे हे तुम्ही त्याचे काय करणार यावर ठरते.

वेजवूडचे आधी सांगून टाकते. जोसाया वेजवूडने हजारो चाचण्यांनंतर १७७० च्या दशकात जॅस्पर हा चिनी मातीचा प्रकार सिद्ध केला. त्यावर झिलई नसते. फिक्या निळ्या अंगावरच्या पांढऱ्या ग्रीक आकृत्या वेगळ्या साच्यातून काढून हाताने चिकटवतात. काम अप्रतिम, पण ते कपाटात ठेवून बघायचे. जेवणाच्या टेबलासाठी काही हवे असेल, तर हा पर्याय बाजूला ठेवा.

खरी निवड उरलेल्या दोघांत आहे, आणि माझा कल उघडपणे स्पोडकडे आहे. स्टोक गावच्या जोसाया स्पोडने १७८४ च्या सुमारास झिलईखाली निळे चित्र छापण्याची पद्धत पक्की केली. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचे, रेषांत कोबाल्टची शाई भरायची, पातळ कागदावर ठसा घ्यायचा आणि तो कागद एकदा भाजलेल्या ताटलीवर घासून बसवायचा. मग कागद धुऊन काढायचा, झिलई द्यायची आणि पुन्हा भाजायचे. जुनी ताटली हातात आली की काठावरच्या नक्षीवरून बोट फिरवून बघा. एका जागी वेल मध्येच तुटून पुढे भलतेच फूल सुरू झालेले दिसेल. कागदाची दोन टोके तिथे जुळवली आहेत. मला तो सांधा ‘ब्लू इटालियन’वरच्या भग्नावशेषांच्या चित्राइतकाच आवडतो.

‘ब्लू इटालियन’ १८१६ मध्ये आले आणि आजही निघते, म्हणून फुटलेल्या ताटलीला जोड मिळते. मागे ‘कोपलँड’ लिहिलेले असले तर घाबरू नका; १८४७ पासून १९७० पर्यंत कारखाना त्याच नावाने चालला. याच कारखान्याने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतातल्या शिकारीच्या दृश्यांचीही एक मालिका काढली होती. तिच्या ताटल्या आता महाग पडतात.

डर्बीची गोष्ट वेगळी. गडद निळा, विटकरी लाल आणि वर सोने, असा हा ‘इमारी’चा जपानी वळणाचा थाट. व्हिक्टोरिया राणीने १८९० मध्ये ‘रॉयल’ म्हणवून घेण्याची परवानगी दिली. टायटॅनिकवरच्या आलिशान रेस्टॉरंटसाठीही डर्बीनेच भांडी पुरवली. ही बोन चायना, म्हणजे पातळ आणि खणखणीत. कप उजेडासमोर धरला तर पलीकडच्या बोटांची सावली दिसते. पण यात जवळपास निम्मी जनावरांच्या हाडांची राख असते. घरात कडक शाकाहार असेल, तर हे विकत घेण्याआधीच कळलेले बरे. ‘ब्लू इटालियन’ साधारणपणे साध्या भाजलेल्या मातीचे (अर्थनवेअर) असते, त्यात हाडे नसतात.

वय ओळखायला मात्र डर्बी सोपी. १९३८ पासून मागे कारखान्याच्या मुद्रेपाशी रोमन आकडा येतो: एक म्हणजे १९३८, दोन म्हणजे १९३९. इतर कारखान्यांच्या मालावर नुसते ‘इंग्लंड’ असेल तर तो बहुधा १८९१ नंतरचा, ‘मेड इन इंग्लंड’ असेल तर सहसा विसाव्या शतकातला.

घेताना स्पोडच्या झिलईवर केसासारखे तडे आणि त्यांत शिरलेले चहाचे डाग आहेत का ते पाहा. डर्बी तिरकी धरून सोने कुठे झिजले ते पाहा. मायक्रोवेव्ह तिला वर्ज्य. कुठल्याही भांड्यावर नखाने टिचकी मारा, बद्द आवाज आला तर आत तडा असण्याची शक्यता धरा. फार जुन्या झिलईत शिसे असू शकते, तेव्हा त्यात लोणचे किंवा आमटी वाढू नका.

रोजच्या नजरेसाठी आणि अधूनमधून वापरायला काही हवे असेल, तर स्पोडची एक मोठी ताटली घ्या. लग्नात द्यायचे असेल, तर डर्बीची कपबशी, सोने शाबूत असलेली.