धंतोलीतलं हॉस्पिटल, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन: 5 पैकी 4 स्टार

नाव टाकत नाही कारण खाली तक्रार पण आहे. धंतोलीतल्या पार्किंगबद्दल तर नागपूरकरांना काय सांगायचं, सोडा.

आईचा उजवा गुडघा बदलायचा होता. तिथे गोळी द्यायला येवो की रक्त घ्यायला, जो येईल तो आधी मनगटावरचा पट्टा बघणार आणि तिलाच नाव नि जन्मतारीख विचारणार. आई वैतागली, "काहून वं, सकाळीच तर सांगितलं तुले!" सिस्टर म्हणे, "आजी, तुमच्याच नावाच्या अजून एक आजी वरच्या मजल्यावर आहेत." मग आई गप. ऑपरेशनच्या आधी सर्जनने स्वतः येऊन, तिलाच विचारून, गुडघ्यावर पेनने खूण केली. डब्ल्यूएचओची 2008 पासूनची सर्जिकल चेकलिस्ट आहे ना, भूल द्यायच्या आधी, चिरा द्यायच्या आधी आणि पेशंट ऑपरेशन थिएटरबाहेर न्यायच्या आधी सगळ्यांनी थांबून मोठ्याने बोलायची, ती इथे खरंच वापरतात असं भूलतज्ज्ञ मॅडमनी समजावून सांगितलं.

पण मला पटलं ते वेगळंच. एका दुपारी सिस्टर पाकिटावरचं औषधाचं नाव वाचता वाचता थांबली, औषध आईचं नव्हतंच, नाव फक्त मिळतंजुळतं. गोळी दिली नव्हती, गुपचूप बदलून आणली असती तर आम्हाला पत्ताही लागला नसता, पण तिने इन्चार्जला सांगितलं आणि इन्चार्ज चक्क म्हणाली, "बरं झालं पकडलंस, नियर मिसचा, म्हणजे होता होता टळलेल्या चुकीचा, फॉर्म भर, आणि खाली फार्मसीत दोन्ही एकाच रॅकला ठेवलेत का ते विचार." आरडाओरड नाही काही नाही. मागे दुसरीकडे अशाच गोष्टीवरून एका पोरीला सगळ्या वॉर्डासमोर झापताना पाहिलंय, ती पुढच्या वेळी कशाला सांगेल बाप्पा? हॉस्पिटलचा दर्जा तपासणाऱ्या एनएबीएचचं सर्टिफिकेट काय, भिंतीवर दोन्ही हॉस्पिटलांत आहे.

एक स्टार कापला तो रात्रपाळीचा. अख्ख्या मजल्याला एकच सिस्टर, बेडजवळची सॅनिटायझरची बाटली रिकामी ती सकाळपर्यंत रिकामीच, आणि ज्युनिअर डॉक्टर तसाच ड्रेसिंगला हात लावायला निघाला. हात धुवा म्हटलं तर धुऊन आला, पण तोंड पाडून. तिथे गेलात तर बिनधास्त टोका.

बिल सांगितलं तेवढंच आलं. डिस्चार्जचा कागद मात्र इंग्रजीत देतात, गोळ्यांच्या वेळा मराठीत लिहून मागा, मागितलं की देतात.