चावी फिरवताच काटा वर? जुन्या ट्रॅक्टरच्या ऑइल मीटरवरून झालेली फसवणूक

जुन्या ट्रॅक्टरची चावी फिरवली, स्टार्टर अजून मारलेला नाही आणि ऑइल मीटरचा काटा आपोआप मधोमध जाऊन उभा राहिला, तर ट्रॅक्टर चालू करू नका. आधी डॅशबोर्डच्या मागं बघा. इंजिन फिरत नाही म्हणजे ऑइल पंपही फिरत नाही, मग प्रेशर येणार कुठून? आमच्या ट्रॅक्टरचा काटा अख्खा ऊसतोडीचा हंगाम असं नसलेलं प्रेशर दाखवत होता.

ट्रॅक्टर वडिलांच्या वेळचा, मॅसी फर्ग्युसन १०३५. जुन्या मॅसीला ऑइल मीटर बिनविजेचा असतो. इंजिनाच्या ब्लॉकमधून तांब्याची बारीक नळी निघते, ती थेट मीटरच्या पाठीला. आत पितळेची चपटी, वाकवलेली नळी असते. ऑइलचा दाब आला की ती किंचित सरळ होते आणि काटा ओढला जातो. बूर्दों नावाच्या फ्रेंच माणसानं १८४९ मध्ये याचं पेटंट घेतलं, आणि आजही त्यात बदलण्यासारखं फारसं काही नाही. वायर नाही, बॅटरी नाही. त्यामुळं बिघडला तर तो शून्यावर पडतो, नाहीतर एका जागी अडकतो, पण चावी फिरवली म्हणून कधी वर चढत नाही.

ट्रॉली ओढताना आमच्या मीटरची काच फुटली, काटा पडला आणि नळीच्या सांध्यातून गरम ऑइल ड्रायव्हरच्या गुडघ्यावर टपकू लागलं. मीटर आणि नळी बदलायची, एवढंच काम. तालुक्याच्या गावी एक गॅरेज आहे, नाव लिहीत नाही. तिथल्या मिस्त्रीनं बघितल्या बघितल्या सांगितलं, "मालक, काय काळजी करू नगासा. वरिजनल मीटर मागवतो. लोकल टाकला तर म्हैनाभर बी टिकायचा न्हाई." मीटर, नळी, निपल (नळी ब्लॉकला जोडायचा आट्यांचा तुकडा) आणि मजुरी मिळून साडेतीन हजार. पावती कच्ची, वहीतल्या कागदावर. जुना मीटर मागितला तर म्हणाला, भंगारात गेला.

नवा मीटर दिसायला झकास होता. काटा मधोमध, हिरव्या पट्ट्यात. सकाळी थंड इंजिनावर तिथंच, दुपारी रोटाव्हेटर मारून इंजिन तापलं तरी तिथंच. मिस्त्री म्हणाला, "बघा, कसा घट्ट बसलाय काटा. इंजिन एक नंबर हाय तुमचं."

खरा मीटर असा वागतच नाही. थंड ऑइल घट्ट असतं म्हणून सुरुवातीला काटा वर असतो. ऑइल तापून पातळ झालं की खाली येतो, रेस सोडली की आणखी खाली, रेस दिली की पुन्हा उचलतो. चांगल्या इंजिनाचा काटा दिवसभर हलता असतो. जो हलत नाही त्याच्यावरच संशय घ्यायचा, पण गिऱ्हाईकाला स्थिर काटा आवडतो हे मिस्त्रीला पक्कं ठाऊक होतं.

मध्यंतरी ड्रायव्हरनं सांगितलं की डिपस्टिकवर ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढतंय. गॅरेजला फोन केला. उत्तर आलं, "जादा भरलं आसंल. काटा बराबर हाय न्हवं? मग चालवा." हे वाक्य मी त्याला माफ करणार नाही. मीटरची लबाडी एक वेळ पैशांची म्हणून सोडून देता आली असती. पण आपण बसवलेला काटा खोटा आहे हे माहीत असताना त्याच काट्याचा हवाला देऊन त्यानं ट्रॅक्टर चालवायला सांगितलं.

भांडं फोडलं ते आमच्या आबांनी. आबा ऐंशीच्या घरातले. सहज सीटवर बसले, चावी फिरवली आणि म्हणाले, "आरं, इंजिन गप हाय आन् काटा वर कसा गेला? ही काय भानगड?" डॅशबोर्ड खोलला. मीटर विजेचा होता. सेन्सरकडं जायला हवी ती वायर इंजिनापर्यंत गेलीच नव्हती. तिच्या टोकाला एक छोटा रेझिस्टन्स डाग देऊन जोडला होता आणि त्याचं दुसरं टोक बॉडीला अर्थ केलं होतं. विजेचा मीटर सेन्सरचा रेझिस्टन्स वाचूनच काटा हलवतो. कायम एकच रेझिस्टन्स दिला की काटा कायम एकाच जागी.

हे कशासाठी केलं, ते ब्लॉक बघितल्यावर कळलं. मीटरच्या नळीचे निपल बाजारात दोन जातींच्या आट्यांचे मिळतात. एकात इंचाला २८ आटे, दुसऱ्यात २७. दिसायला जुळे भाऊ. चुकीचा निपल एक-दोन फेरे हातानं जातो, मग अडतो. तिथं पाना लावून जोर केला की ब्लॉकचे आटे गेलेच. आमचे असेच गेले होते. तिथं बोल्ट ठोकून वर एमसील फासलं होतं. खरा मीटर बसवायला जागाच उरली नव्हती, म्हणून हे नाटक. आटे पुन्हा पाडून घेणं ही काही अवघड गोष्ट नव्हती. सांगितलं असतं तर मी त्याचेही पैसे दिले असते.

इंजिन कोल्हापूरला उद्यमनगरात नेलं. टाकीतलं डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाचा पडदा फाटला होता आणि डिझेल इंजिनाच्या ऑइल चेंबरमध्ये उतरत होतं. म्हणून डिपस्टिकवर ऑइल 'वाढत' होतं. डिझेल मिसळून ऑइल पातळ झालं, प्रेशर पडलं, क्रँकला आधार देणारी शेल बेरिंग घासली आणि क्रँकवर चरे पडले. खरा मीटर असता तर काटा पहिल्याच दिवसांत खाली आला असता आणि काम पडद्यावर भागलं असतं. क्रँक ग्राइंडिंग, शेल, गॅस्केट, आटे आणि साधा बिनविजेचा मीटर धरून खर्च २८ हजारांच्या घरात गेला. त्यात मीटरची किंमत सगळ्यात किरकोळ.

आता तुमच्याकडं असं काम निघालं तर मीटर बसवताना स्वतः उभे राहा आणि नळी ब्लॉकला कुठं लागते ते डोळ्यांनी बघा. बिनविजेच्या जागी विजेचा बसवत असतील तर सेन्सर दाखवायला सांगा. सेन्सरही त्याच मीटरच्या जोडीचा लागतो, नाहीतर आकडा चुकतो. डायलवर दाब पीएसआयमध्ये (पौंडांत) असेल तर १४ म्हणजे साधारण एक किलो (दर चौरस सेंटिमीटरला), हे लक्षात ठेवा, नाहीतर ४० बघून उगाच हुरळून जाल. शंका आली तर चांगल्या मिस्त्रीकडं तपासणीचा वेगळा मीटर असतो, तो लावून आकडे ताडून बघता येतात. आणि जुना मीटर मागून घ्याच. काच आणि काटा बदलून पुष्कळदा तोच पुन्हा चालतो, शिवाय जुन्या ट्रॅक्टरच्या शौकिनांत त्याला गिऱ्हाईक असतं.

मिस्त्रीला जाब विचारला तेव्हा तो म्हणाला, "पोरानं केलं आसंल, मला म्हाईत न्हाई." मग १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यानं दाद दिली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे. तिथं पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि दोन वर्षांची मुदत असते. पक्कं बिल न देणं हीसुद्धा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, त्यामुळं ती कच्ची पावती, रेझिस्टन्स डागलेली वायर आणि एमसीलचा गोळा मी एका डब्यात जपून ठेवलाय. गावातल्या आणखी दोघांनी त्याच गॅरेजात मीटर बदलले होते. त्यातल्या एकाचा काटा चावीवरच चढतो.