युनिफ्राक्टूर मागुन्तिया : बरेच महिने वापरल्यावर

गॉथिक वळणाचा फुकट फॉन्ट शोधायला निघालं की हा हटकून समोर येतो. पोस्टर, प्रशस्तिपत्रकं, एका बेकरीची पाटी, असं बरंच काम मी यात केलंय आणि माझा त्यावर जीव जडलाय. दोन-चार शब्द मोठे लावले की खुलतो. परिच्छेद लावू नका, वाचवत नाही.

मूळ अक्षरं कार्ल आल्बर्ट फारेनवाल्ट यांची, १९०१ सालची, छापखान्याच्या खिळ्यांची. हे फ्राक्टूर वळण, म्हणजे सोळाव्या शतकात जर्मनीत रुजलेलं. गुटेनबर्गच्या बायबलचं टेक्स्टुरा वळण त्याआधीचं आणि जास्त ताठ. त्यामुळे ग्राहक ‘न्यूयॉर्क टाइम्सच्या नावासारखं हवं’ म्हणाला, तर ओल्ड इंग्लिश वळणाचा फॉन्ट घ्या. याच्या गोलाव्यातून तो भाव येणार नाही.

खरी कसोटी कॅपिटल अक्षरांची. ती शब्दाच्या सुरुवातीलाच शोभतात. सगळा शब्द कॅपिटलमध्ये लावला की नुसत्या वेलबुट्ट्या उरतात. त्यात ‘ए’ बराचसा ‘यू’सारखा: रोमनमध्ये लावलेलं ‘आनंद’ एका ग्राहकाने ‘उनंद’ वाचलं! स्मॉल ‘के’ही पटकन ‘टी’ वाटतो. अशा अडचणीच्या अक्षरांना फॉन्टमध्येच ओळखीची पर्यायी वळणं दिली आहेत, ओपनटाइपच्या स्टायलिस्टिक सेटमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरमधून निवडता येणाऱ्या पर्यायी अक्षरांच्या संचात. केवळ यासाठी मी या फॉन्टला पैकीच्या पैकी गुण देईन, कारण नुसती खिळ्यांची नक्कल करून हात झटकलेले नाहीत. वर्डच्या जुन्या आवृत्त्यांत लिगेचर, म्हणजे एकत्र घडवलेल्या अक्षरजोड्या, आपोआप चालू नसतात, ते फॉन्टच्या अ‍ॅडव्हान्स्ड खिडकीत जाऊन चालू करावे लागतात. ‘सीएच’, ‘सीके’, ‘टीझेड’ या जोड्या जर्मन छपाईत अक्षरं विरळ केली तरी सुटत नसत. तुम्हीही ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, वाढवताना त्या सांभाळा.

बारीक आकारात नाजूक रेघा तुटतात. स्क्रीन प्रिंटिंगला तर आतल्या फटी शाईने बुजतात, टी-शर्टवर मी २४ पॉइंटच्या खाली उतरत नाही.

‘हा नाझींचा फॉन्ट ना?’ असं बरेच जण विचारतात. नाझींनी सुरुवातीला ही वळणं मिरवली खरी, पण जानेवारी १९४१ मध्ये त्यांनीच ती ‘ज्यू अक्षरं’ ठरवून सरकारी वापरातून हद्दपार केली. त्याआधीची चारेक शतकं जर्मन घरांतली पुस्तकं याच वळणात छापली जात होती. तरी जर्मनीत जाणारं काम असेल तर संदर्भ बघूनच वापरा.

देवनागरी यात नाही आणि सोबतीला बोरूचं वळण घ्यायचा मोह होतो. देवनागरीचा बोरू रोमनच्या उलट तिरका कापतात, त्यामुळे जाड रेघा उलट्या दिशेला पडतात आणि दोन्ही ओळी एकमेकींना खेटतात. मी खाली ‘मुक्ता’सारखा साधा, एकसारख्या जाडीचा फॉन्ट ठेवतो.

ओपन फॉन्ट लायसन्स असल्याने व्यावसायिक कामालाही बिनधास्त चालतो. फक्त फॉन्टच सुटा विकता येत नाही.