नाना पेठेतून आरएक्स १००: पैसे कुठे घालावेत, कुठे वाचवावेत

यामाहाची आरएक्स १०० ही मोटरसायकल बनायची १९९६ साली थांबली, तरी पुण्याच्या नाना पेठेत तिचा जवळजवळ प्रत्येक पार्ट आजही मिळतो. कमी पैशांत ही गाडी उभी करायला याहून सोयीची जागा नाही. फक्त तिथे चकचकीत माल आधी समोर येतो. ग्रिप, इंडिकेटर, स्टिकर घेत सुटलं की इंजिनाला पैसे उरत नाहीत.

म्हणून खरेदीची सुरुवात पिस्टन किटपासून करा. मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ५० मिमी; झिजलेला सिलिंडर कापून मोठा केला की त्यात बसणारे ओव्हरसाइज पिस्टन पुढे ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिमी मोठे. किट आधी घ्या आणि बोअरिंगवाल्याला सिलिंडरसोबत तोच पिस्टन द्या. लोकल पिस्टनवर छापलेलं माप आणि खरं माप नेहमी जुळत नाही. बोअरिंगनंतर पोर्टच्या (सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्यांच्या) कडांची धार घासून बोथट करायला सांगा, नाहीतर रिंग पोर्टमध्ये अडकून तुटते. रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवून टोकांमधली फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) तपासा. साधारण ०.२ ते ०.३ मिमी हवी.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महागात पडणारी वस्तू म्हणजे क्रँकचे (इंजिनातल्या फिरत्या दांड्याचे) ऑइल सील. क्लचच्या बाजूचं सील गेलं की गिअर ऑइल इंजिनात ओढलं जातं, पांढरा धूर थांबत नाही आणि दोष उगाच रिंगवर येतो. मॅग्नेटच्या बाजूचं गेलं तर बाहेरची हवा शिरते, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं आणि नवा पिस्टन जाम होतो. इंजिन खोललंच आहे तर दोन्ही सील चांगल्या कंपनीचीच टाका. गॅस्केट, क्लच प्लेट, केबल यांतही दुय्यम माल नको. रीड व्हॉल्व्हच्या, म्हणजे कार्बोरेटर आणि इंजिनामधल्या झडपेच्या, पात्या उजेडासमोर धरून बघा. तडा किंवा फट दिसली की बदला. अनेकदा कार्बोरेटरला दिलेला दोष तिथलाच असतो.

मडगार्ड, साइड पॅनेल, हेडलाइटचा डोम यांत पैसे वाचतात. मात्र लोकल मडगार्डचा पत्रा पातळ असतो आणि भोकं जुळत नाहीत, म्हणून जुना पार्ट हातात घेऊनच दुकानात जा. सरळ आणि न सडलेला मूळ मडगार्ड बुधवारी किंवा रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात (जुन्या वस्तूंच्या बाजारात) मिळाला, तर नव्यापेक्षा तोच घ्यावा.

सायलेन्सर कापू नका. आरएक्ससारख्या टू-स्ट्रोक इंजिनात त्याच्या आकारानेच सिलिंडरमधून निसटणारं ताजं मिश्रण परत ढकललं जातं; कापला की आवाज वाढतो, पिकअप जातो. आतली नळी काढून, कार्बन साफ करून परत बसवली तरी गाडी मोकळी होते. टायरही मूळ मापाचेच ठेवा, पुढे २.५०-१८, मागे २.७५-१८. जाड टायर ९८ सीसीच्या इंजिनाला ओढायला लावणं हा अन्याय आहे. हँडल खाली घेतलंत तर केबलही त्या लांबीच्या घ्या; जास्तीची केबल दुमडली की क्लच जड होतो.

रंग बदलण्याआधी आरटीओत आरसीवर नोंद करून घ्या. पंधरा वर्षांवरच्या गाडीला आरसीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर लागतो, तो खर्च पेंटच्या आधी बाजूला काढून ठेवा.