पोदेर : रोज वापरून काही महिने झाल्यावर

नोकरीनिमित्त स्पेनमधल्या वालेन्सियात आल्यापासून मी सगळ्यात जास्त झिजवलेलं स्पॅनिश क्रियापद म्हणजे 'पोदेर', आपलं 'शकणे'. क्लासमध्ये आधी 'आब्लार' (बोलणे), 'कोमेर' (खाणे) अशी सरळमार्गी क्रियापदं शिकवतात, कारण त्यांचा तक्ता सोपा. मी तर म्हणेन, नवख्या माणसाने आधी पोदेरच घ्यावं. त्याच्या पुढे येणारं दुसरं क्रियापद मूळ रूपातच राहतं, त्याला हात लावावा लागत नाही. 'प्वेदो पागार कोन तार्खेता?' कार्डाने पैसे देऊ का? 'प्वेदे रेपेतिर?' पुन्हा सांगता का? एवढी दोन रूपं तोंडात बसली की भाजीबाजार, औषधाचं दुकान, घरमालक सगळं निभावतं. दार अर्धवट उघडून नुसतं 'से प्वेदे?' म्हटलं तरी 'येऊ का आत?' पोचतं.

सगळ्यांची तक्रार असते ती तक्त्याबद्दल. वर्तमानकाळात मी, तू, तो यांना प्वेदो, प्वेदेस, प्वेदे, मग मध्येच आम्ही, तुम्हीला पोदेमोस, पोदेइस आणि 'ते'ला परत प्वेदेन. इंग्रजी पुस्तकांत बदलणाऱ्या चार रूपांभोवती रेघ ओढून बुटाचं चित्र काढतात. बूट लक्षात राहतो, पण हे असं का होतं ते कळत नाही. खरं कारण आघातात आहे. लॅटिनमधल्या ऱ्हस्व 'ओ'वर जोर पडला तिथे स्पॅनिशमध्ये त्याचा 'वे' झाला. जोर पुढच्या अक्षरावर सरकला तिथे 'ओ' जागच्या जागी राहिला. प्वेदोमध्ये जोर पहिल्या अक्षरावर आहे, पोदेमोसमध्ये 'दे'वर. हे एकदा कानात बसलं की तोच खेळ सगळीकडे दिसतो: दार ते 'प्वेर्ता' पण दारवान 'पोर्तेरो', नऊ म्हणजे 'न्वेवे' पण नव्वद 'नोवेन्ता'. आपल्याला यात नवल वाटायला नको. दूध-दुधात, फूल-फुलाला, माणूस-माणसाला हे आपण कुठल्या तक्त्यावरून बोलतो?

ऑफिसात एक अर्जेंटिनाची सहकारी आहे. ती मला 'प्वेदेस' म्हणत नाही, 'पोदेस' म्हणते, शेवटच्या अक्षरावर जोर देऊन. स्पेनमध्ये आपल्या 'तू'ला 'तू'च म्हणतात, तिच्याकडे 'वोस' म्हणतात, आणि त्या रूपात आघात शेवटी जातो, म्हणून 'ओ' टिकतो. बूट पाठ केलेल्याला हे अपवाद वाटेल. आघात ऐकणाऱ्याला ते नियमातच बसलेलं दिसतं. दुसरीकडे इथल्या स्थानिक वालेन्सियानो भाषेत हा 'वे' मुळात झालाच नाही. तिथे 'तो शकतो' म्हणजे नुसतं 'पोत', आणि दार म्हणजे 'पोर्ता'.

राजकारणातही ही दोन्ही रूपं शेजारी शेजारी सापडतात. 1972 साली अमेरिकेत अ‍ॅरिझोनात शेतमजुरांच्या लढ्यात त्यांचे नेते सेसार चावेस उपोषणाला बसले होते, तेव्हा त्यांच्या सहकारी दोलोरेस उएर्ता यांनी 'सी, से प्वेदे' ही घोषणा दिली: होय, हे जमू शकतं. 2014 मध्ये स्पेनमध्ये नवा पक्ष निघाला त्याचं नाव 'पोदेमोस', आपण करू शकतो. घोषणेत 'वे', पक्षाच्या नावात 'ओ'. व्याकरण पाठ होत नसेल तर एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

भूतकाळात मात्र या क्रियापदाचा ढंग वेगळाच आहे. इथे आघाताची युक्ती चालत नाही. 'पूदे, पुदिस्ते, पूदो' असा सगळीकडे 'ऊ' घुसतो आणि तो पाठच करावा लागतो. शिवाय दुसरा भूतकाळ 'पोदिया' आहेच. 'नो पूदे इर' आणि 'नो पोदिया इर' या दोन्हींचं इंग्रजीत एकच वाक्य होतं, म्हणून इंग्रजीतून शिकणारे इथे हमखास अडकतात. मराठीतून विचार केला की गाठ लगेच सुटते. पहिलं म्हणजे 'जाऊ शकले नाही', विषय संपला. दुसरं म्हणजे 'जाऊ शकत नव्हते', तेव्हाची अडचण सांगितली, पुढे गेले की नाही ते अजून सांगायचंय. हा फरक आपल्या जिभेवर आधीपासून आहे. इतकं असून आपण स्पॅनिश इंग्रजीच्या आडवाटेने का शिकतो, देव जाणे.

मराठीची मदत एका ठिकाणी थांबते. 'मला पोहता येतं' आणि 'मला आज पोहता येणार नाही', दोन्हींत आपलं 'येणे'च. स्पॅनिशमध्ये अंगातली विद्या असेल तर 'सावेर', 'से नादार'. हाताला प्लास्टर आहे, तलाव बंद आहे, वेळ नाही, असं असेल तर पोदेर, 'नो प्वेदो नादार'. इथे जरा सावध राहावं.

जिथे वापरू नये तेही सांगते. कॉफी मागताना 'प्वेदो तेनेर उन काफे?' म्हटलं की समोरच्याला अर्थ कळतो, पण ते इंग्रजीची शाल पांघरलेलं वाक्य आहे. काउंटरवर लोक 'मे पोनेस उन कोर्तादो?' (थोडं दूध घातलेली कॉफी देता का?) म्हणतात आणि उठताना 'मे कोब्रास?', म्हणजे पैसे घेता ना. टपरीवर आपण तरी 'एक कटिंग द्या' म्हणतो, 'मला चहा मिळू शकेल का' म्हणून कोण विचारतं!

वापरता वापरता कळलेल्या गोष्टी तक्त्यात सापडत नाहीत. 'नो प्वेदो मास' म्हणजे आता बास, मग ते जेवणाचं ताट असो की ऑफिसातला ताप. 'नो प्वेदो कोन एल' म्हणजे त्याच्यापुढे मी हात टेकले. 'एल चोकोलाते मे प्वेदे', चॉकलेट दिसलं की राहवत नाही. आणि कुठल्याही प्रश्नाला खांदे उडवून म्हटलेलं 'प्वेदे सेर', म्हणजे 'असेल बुवा'. परदेशी नागरिकांच्या कार्यालयात माझा कागद कधी होणार, याला खिडकीपलीकडून मिळालेलं उत्तर हेच. 'प्वेदे के' आलं की मात्र पुढच्या क्रियापदाचं रूप बदलतं: 'प्वेदे के युएवा', पाऊस येईलही. इथे सुरुवातीची ती 'दुसऱ्याला हात लावायचा नाही' ही सोय संपते.

पोदेर रुळलं की त्याच ओ-वे पठडीतली 'वोल्वेर' (परतणे) आणि 'कोस्तार' (किंमत पडणे) फुकटात मिळतात, 'क्वान्तो क्वेस्ता?', म्हणजे 'केवढ्याला?', विचारल्याशिवाय बाजारात पान हलत नाही. सध्या मी 'सोलेर' हाताळतेय. 'स्वेलो कामिनार', म्हणजे मी सहसा चालत जाते. त्याचा भविष्यकाळ वापरातच नाही, त्यामुळे तेवढा तक्ता वाचला.