एकच कुंडी मोकळी असेल तर: गवती चहा, तुळस, पुदिना की गोकर्ण?

गॅलरीत ऊन येत असेल आणि घरच्या पाल्याचा चहा रोज प्यायचा असेल, तर माझं मत सरळ गवती चहाला. कोकणात पातीचा चहा म्हणतात तो हाच. बी लागत नाही. कुणाच्या तरी बेटातून मुळासकट दोन-तीन ठोंब मागून आणायचे, पाती वरून छाटायच्या आणि 12 इंची कुंडीत लावायचे. पावसाळ्याच्या तोंडावर लावलं तर दसऱ्यापर्यंत पाती काढता येतात. पात हाताने ओढू नका, धार बोट कापते. बाहेरची जून पात कात्रीने बुडाशी कापायची.

याचा लिंबासारखा वास सिट्रालचा, तेच लिंबाच्या सालीतही असतं. हा वास उकळीला टिकतो, आल्याशी जमतो आणि दुधातही हरवत नाही. दोन पाती दुमडून गाठ मारायची आणि चहापत्तीच्या आधी आधणात टाकायची. पाणी पिवळसर झालं, की पुढचा चहा नेहमीसारखा. ज्यांना दुधाचा चहा सुटत नाही, त्यांनी फार विचारच करू नये. फक्त ठोंब ओळखीच्या घरून घ्या. नर्सरीत अगदी तसंच दिसणारं सिट्रोनेला मिळतं, त्याची बुडं बहुधा लालसर असतात. ते डास पळवायला, प्यायला नाही.

तुळस बहुतेकांच्या दारात असतेच, पण वृंदावनातल्या तुळशीची पानं रोज खुडायला पुष्कळ घरांत मन धजत नाही. द्वादशीला, रविवारी, दिवे लागणीनंतर तर नाहीच. चहासाठी वेगळी कुंडी ठेवा आणि मंजिऱ्या खुडत राहा. तशाच राहू दिल्या तर नवी पानं कमी येतात. लवंगेतलं युजेनॉल तुळशीतही असतं, म्हणून चव तिखटसर, घशाला बरी वाटणारी. आलं-मिरी घालून कोरा काढा उत्तम होतो. पण सर्दीत चार दिवस घेणं वेगळं आणि वर्षभर घेणं वेगळं. रक्त पातळ करणाऱ्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील, घरात कुणी गरोदर असेल, तर रोजच्या काढ्याआधी डॉक्टरांना विचारा.

ऊन कमी असेल तर पुदिना. खर्च जवळजवळ शून्य: भाजीवाल्याच्या जुडीतल्या जाड काड्या निवडा, खालची पानं काढून पाण्यात उभ्या ठेवा, मुळं फुटली की पसरट कुंडीत लावा. मे महिन्यातलं दुपारचं ऊन त्याला सोसत नाही आणि दुसऱ्या झाडाच्या कुंडीत लावला तर तीही व्यापून टाकतो. हा मात्र उकळायचा नाही. कपात चुरडलेली पानं, वरून उकळतं पाणी, पाच मिनिटं झाकण. झाकण नसेल तर सगळा सुगंध वाफेबरोबर जातो. पित्ताने छातीत जळजळ होणाऱ्यांना हा चहा त्रास देऊ शकतो.

गोकर्णाची निळी फुलं दिसायला सुंदर, लिंबू पिळताच पेला जांभळा होतो. चव मात्र जवळपास नाहीच. ग्रिलवर वेल चढवायला जागा असेल तर लावा, पण चहासाठी एकमेव झाड म्हणून नको.

जास्वंदीबद्दलही नेहमी विचारलं जातं. बाजारात पाकिटातून येणारा आंबट, लालभडक चहा दारच्या जास्वंदीच्या फुलांचा नसतो. तो लाल अंबाडीच्या बोंडांचा. विदर्भात त्याच बोंडांचं सरबत आणि चटणी करतात. परसात जागा असेल तर जूनमध्ये बी टाका, बोंडं हिवाळ्याच्या सुमारास येतात. कुंडीत तेवढा पसारा मावत नाही.

आणि रोप नर्सरीतून आणलं असेल, तर लगेच चहात घालू नका. त्यावर फवारणी झालेली असू शकते. जुनी पानं छाटून टाका आणि नवी फूट आल्यावर तीच वापरा.